चार दिवसांआड नळ, चार तासांची आंघोळ

सोलापुरात ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, उघडकीला येतो तो बहुधा पाण्यावरून. उजनी धरणापासून शहरापर्यंत शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी आहे, तरी नळ काही रोज येत नाही. कुठे तीन दिवसांआड, कुठे चार, उन्हाळ्यात त्याहून लांब. म्हणून घरोघरी छतावर टाकी, न्हाणीत बॅरल, स्वयंपाकघरात घागरी-कळश्या, आणि पाणी आले की बाकीची कामे बाजूला. असे जपून वापरायचे पाणी घरातले एकच माणूस दिवसाला दहा-बारा बादल्या नुसते हातापायांवर ओतू लागले, आंघोळीला गेले की दोन-दोन, चार-चार तास कडी काढेना, तर घराला ते कळायला डॉक्टर लागत नाही. टाकी तळाला जाते, भांडण होते, शेजारपाजारी आवाज जातो. मग कोणीतरी म्हणते, एकदा दाखवून तरी आणा.

म्हणजे आजार कळतो तो त्या माणसाच्या त्रासावरून नव्हे, त्याने घराला दिलेल्या त्रासावरून. डॉक्टरांपुढे बसल्यावरही पहिले वाक्य ‘पाणी फार सांडते हो ही’ असे असते. ती मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर, हात अंगापासून लांब धरून, कशालाही न टेकता बसलेली असते. तिच्या हातांची कातडी पांढरी पडून भेगाळलेली असते, पण बोलणे पाण्याचेच चालते.

यात फसगत अशी की ज्या ओसीडीला पाणी लागत नाही, तो आणखी कित्येक वर्षे कोणाला दिसतच नाही. कारखान्याचे शटर ओढून कुलूप लावलेला माणूस सात रस्ता चौकापर्यंत येऊन परत फिरतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा निघतो, पुन्हा फिरतो. घरी सांगतो, काम होते म्हणून उशीर झाला. एखादा विद्यार्थी उत्तरपत्रिकेतली ओळ पाच वेळा वाचतो आणि तीन तासांत निम्मा पेपर लिहून येतो. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीच्या मनात एकाएकी येते, आपल्या हातून या बाळाला काही झाले तर? ती विळी-सुरी नजरेआड ठेवते, बाळाला एकटीने आंघोळ घालायला तयार होत नाही, आणि आईलाही कारण सांगत नाही. देवळात हात जोडून उभे असताना मूर्तीबद्दलच अश्लील विचार येतात म्हणून काही माणसे देवळात जायचेच सोडतात. धुण्याचा ओसीडी निदान बोलता तरी येतो. हा दुसरा प्रकार माणूस स्वतःच्या नवऱ्याला, बायकोलाही सांगत नाही, कारण आपण मुळातच वाईट आहोत, ते आता बाहेर पडते आहे, अशी त्याची समजूत झालेली असते.

ती समजूत चूक आहे, हे १९७८ सालीच दाखवले गेले. लंडनमध्ये स्टॅन्ली रॅखमन आणि पद्मल डिसिल्वा या दोघांनी कसलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारले की नकोसे, विचित्र, हिंसक किंवा घाणेरडे विचार तुमच्या मनात अचानक येतात का? सुमारे ८० टक्के लोकांनी हो म्हटले. आणि त्या विचारांची यादी रुग्णांच्या विचारांच्या यादीशेजारी ठेवल्यावर कोणती कोणाची हे तज्ज्ञांनाही सहज ओळखता आले नाही. गच्चीच्या कठड्याशी उभे असताना ‘उडी मारली तर’ हा विचार तुम्हाआम्हालाही येतो. आपण तो झटकतो आणि वाळवणाकडे बघतो. ओसीडीच्या माणसाला तो झटकता येत नाही. हा विचार मला आलाच कसा, याचा अर्थ काय, उद्या मी खरेच तसे केले तर, असे तो विचारालाच धरून बसतो. भीती चढते. ती उतरवायला तो काहीतरी करतो: हात धुतो, कडी तपासतो, मनात मंत्र म्हणतो, एकवीसपर्यंत मोजतो, बायकोला विचारतो. घटकाभर बरे वाटते. बरे वाटले म्हणून पुढच्या वेळी तेच करतो, आणि प्रत्येक वेळी ते थोडे जास्त करावे लागते. खाजवल्याने खाज थांबते आणि वाढते, तसेच हे. या सगळ्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाऊ लागला, किंवा शिक्षण, काम, संसार यांत अडथळा येऊ लागला, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. मराठीत मानसोपचारतज्ज्ञ मंत्रचळ असेही म्हणतात. रुग्ण आणि नातेवाईक मात्र ओसीडीच म्हणतात, म्हणून इथेही तेच.

तेव्हा हा मुळात स्वच्छतेचा आजार नाहीच. शंभर टक्के खात्री हवी असण्याचा आहे. हात स्वच्छ झाले याची खात्री, गॅस बंद आहे याची, मी पापी नाही याची. आणि ही खात्री जगात कोणालाच मिळत नाही. निरोगी माणूस तिच्याशिवाय झोपी जातो, एवढाच फरक.

आपल्याकडे या आजाराला कपडे चढवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली सोवळे-ओवळे. पंढरपूर याच जिल्ह्यातले. शहरात मराठी घरांत सोवळे, कन्नड आणि तेलुगू घरांत मडी, आणि सगळीकडेच शिवाशिव-विटाळाच्या जुन्या चालीरीती कमी-जास्त प्रमाणात शिल्लक आहेत. एखाद्या सुनेने दिवसातून तीनदा आंघोळ केली, बाहेरून आलेल्या मुलांना दारातच कपडे काढायला लावले, नोटा धुऊन वाळत घातल्या, तर सुरुवातीची दोन-तीन वर्षे तिचे कौतुकही होते: फार सोवळ्याची आहे. फरक ओळखायची खूण साधी आहे. सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, सोवळे नेसले, पूजा आटोपली, नैवेद्य दाखवला, सुटले. शास्त्राने सांगितलेले झाले की श्रद्धाळू माणसाचे समाधान होते, आणि आजारपणात, प्रवासात त्याला सूटही असते. ओसीडीत समाधान होतच नाही. आचमन नीट झाले नाही म्हणून पुन्हा, श्लोकातला एक शब्द निसटला म्हणून पहिल्यापासून. गुरुजींनी ‘झाले हो, पुरे’ म्हटले तरी ते पटत नाही. हा देवधर्म नव्हे, कारण यात धर्माचे ऐकले जात नाही, भीतीचे ऐकले जाते. माझ्या मते अशा वेळी घरच्या पुजाऱ्याचा किंवा मौलवींचा शब्द डॉक्टरांच्या बाजूने मिळवणे फार उपयोगाचे. फक्त तो एकदाच घ्यायचा, रोज विचारून घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘बाहेरचं झालंय’. लिंबू उतरवणे, देवऋषी, गाणगापूरची वारी यांत पहिली काही वर्षे जातात. या मार्गाने गेलेल्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. ज्या घरात मानसिक आजार म्हणजे फक्त कपडे फाडणारा वेडा एवढेच माहीत आहे, तिथे सगळे नीट बोलणारी, आपले वागणे चूक आहे हे स्वतःच मान्य करणारी मुलगी आजारी कशी, हे कोडेच असते. ‘कळतंय ना तुला, मग करतेस कशाला?’ हा प्रश्न तिला दिवसातून दहा वेळा विचारला जातो. तिला कळते, हीच तर या आजाराची बहुतेकांमधली ओळख आहे.

किती लोकांना हा त्रास असेल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होते, मध्य प्रदेश होता, आपण नव्हतो. तरी तोच आकडा धरून हिशेब केला तर २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख वस्तीच्या सोलापूर शहरात पाचेक हजार प्रौढ माणसे निघतील, जिल्ह्यात वीस हजारांच्या पुढे. हा माझा ढोबळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. त्याच सर्वेक्षणात नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. आजार सुरू होतो बहुतेकदा दहावी ते पदवी या वयात, मुलांमध्ये कधी त्याच्याही आधी. त्यामुळे त्याने खाल्लेली वर्षे नेमकी शिक्षणाची, नोकरीची आणि लग्न ठरण्याची असतात.

भारतातला या विषयावरचा एक जुना आणि आजही उद्धृत होणारा अभ्यास चंडीगढचा. सलमान अख्तर, एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ८२ रुग्णांच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली. त्यांतही घाण आणि विटाळ हाच विषय सर्वांत पुढे होता. पुढे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत वाय. सी. जनार्दन रेड्डी यांच्या पुढाकाराने ओसीडीचे स्वतंत्र क्लिनिक उभे राहिले. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीची २०१७ ची उपचार-मार्गदर्शिका प्रामुख्याने याच गटाने लिहिली आहे.

कारणांबद्दल थोडक्यात. मेंदूच्या कपाळामागच्या भागापासून आत खोलवरच्या केंद्रांपर्यंत जाऊन परत येणारी एक वर्तुळाकार जोडणी आहे. ‘काहीतरी चुकले’ आणि ‘झाले, पुढे चला’ हे इशारे तिथून जातात. ओसीडीत हे वर्तुळ गरजेपेक्षा जास्त चालते. सेरोटोनिन या रसायनाचा संबंध आहे, कारण त्यावर काम करणारी औषधे लागू पडतात. घराण्यात आजार असला तर शक्यता वाढते, पण तेवढ्याने ठरत नाही. आईवडिलांच्या शिस्तीमुळे ओसीडी होतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. तिने आयांना विनाकारण फार रडवले आहे.

उपचार दोन, आणि दोन्ही जुने झाले इतके पारखलेले. औषधांची सुरुवात क्लोमिप्रामिनपासून, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, झोप हे त्याचे त्रास, त्यामुळे आता आधी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम यांपैकी एक देतात. यांची सवय लागत नाही आणि बहुतेक गोळ्या स्वस्त आहेत. घोटाळा होतो तो मात्रेत आणि धीरात. नैराश्याला फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमवर भागते. ओसीडीला डॉक्टरांना ते ४० ते ८० पर्यंत न्यावे लागते, आणि परिणाम जोखायला दहा-बारा आठवडे थांबावे लागते. आपल्याकडे पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलतात. मग नवा डॉक्टर नवी गोळी पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरू करतो, आणि असे तीन डॉक्टर झाले की ‘औषधच लागू पडत नाही’ असा निकाल लागतो. नुसत्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांवर वर्षे काढणारेही पुष्कळ. त्याने ओसीडी हलत नाही, वर त्या गोळीची सवय जडते. औषधाने निम्म्याच्या आसपास रुग्णांना चांगला फरक पडतो, आणि पडल्यावरही ते एक-दोन वर्षे चालू ठेवायचे असते.

दुसरा उपचार अधिक गमतीचा आणि सोलापुरात अधिक दुर्मिळ. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी वर्षानुवर्षे धुण्यात अडकलेल्या रुग्णांना ज्याची भीती वाटते त्याला हात लावायला लावले, आणि मग धुऊ दिले नाही. तेव्हा हे निर्दयपणाचे वाटले, पण रुग्ण सुधारले. आज याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरे जाणे आणि नेहमीची कृती न करणे.

प्रत्यक्षात ते कसे चालते ते बघू. थेरपिस्ट आणि रुग्ण मिळून एक उतरंड लिहितात. समजा धुण्याचाच त्रास आहे. घरातल्या दाराच्या कडीला हात लावणे, भीती १०० पैकी ३०. बाहेरून आलेली पिशवी मांडीवर घेणे, ४५. स्वतःची चप्पल हाताने उचलणे, ६०. चपलेला लावलेला हात पलंगावरच्या चादरीला पुसणे, ८०. सार्वजनिक शौचालयाच्या दाराचा कोयंडा, ९५. सुरुवात ३० पासून. कडी धरायची, नुसती बोटाने टेकवायची नाही, पूर्ण तळवा लावायचा. मग तो हात चेहऱ्याला, केसांना, ओढणीला लावायचा, आणि बसून राहायचे. हात धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे नाहीत, मनातल्या मनात नामस्मरण करून ‘शुद्ध’ करायचे नाही, आईला ‘काही होणार नाही ना?’ विचारायचे नाही. दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा. पन्नासला जातो, पंचावन्नला, घाम फुटतो, रडू येते. मग काही न करताच चाळीस, तीस, वीस. कधी त्या बैठकीत उतरत नाही, तरी चालते. भीती वाटत असतानाही न धुता राहता येते, हेच शिकायचे असते. रोज तेच करायचे, घरीही, जोवर कडीचा कंटाळा येत नाही तोवर. मग पिशवी. साधारण बारा ते वीस बैठका. चांगला थेरपिस्ट रुग्णाच्या आधी स्वतः ती चप्पल उचलतो.

एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ईआरपीने ६२ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली, क्लोमिप्रामिनने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के, आणि नुसत्या दिखाऊ गोळीने ८ टक्के. त्याआधी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लुईस बॅक्सटर यांच्या गटाने मेंदूचे स्कॅन काढून दाखवले की औषधाने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या रुग्णांच्या मेंदूत एकाच ठिकाणी सारखाच बदल होतो. ‘नुसत्या बोलण्याने काय होणार’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवे.

आता घरच्यांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. चिडणारे घरचे परवडतात असे मी म्हणणार नाही. पण सर्वांत जास्त नुकसान प्रेमळ घरचे करतात. लेकीला त्रास नको म्हणून आई नळ आपणच उघडते-बंद करते, जेवण लांबून वाढते, बाहेरून आल्यावर तिच्या सांगण्याप्रमाणे दोनदा पाय धुते, ‘हो गं, स्वच्छ आहे’ असे दिवसातून शंभरदा सांगते. नवरा रात्री तिच्याऐवजी कुलूप तपासतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून दाखवतो. वडील टँकर मागवतात. प्रत्येकाला वाटते आपण मदत करतो आहोत. प्रत्यक्षात अख्खे घर ओसीडीच्या नोकरीला लागलेले असते. अशा घरांतल्या रुग्णांचा आजार अधिक तीव्र असतो आणि उपचाराला कमी दाद देतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. यावर उपाय एका रात्रीत सगळे बंद करण्याचा नाही. तसे केले तर मारामारीवर प्रकरण जाते. रुग्णाशी बोलून, तारीख ठरवून, एकेक सवलत काढायची. आधी फोटो बंद. मग प्रश्नाला उत्तर एकदाच. पुढे उत्तराऐवजी एवढेच: ‘हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी त्याचे उत्तर देणार नाही, पण मी इथे बसते.’ मोठ्या कुटुंबात पाच माणसांनी हे ठरवायचे आणि सहाव्या आजीने गुपचूप ‘स्वच्छ आहे बाळा’ म्हणायचे, हे हमखास होते. म्हणून आजीलाही डॉक्टरांकडे न्यावे.

आणि पाणी तोडू नये. ‘मुख्य कॉकच बंद करतो, मग बघू कशी धुते’ हा वडिलांचा उपाय ईआरपीसारखा दिसतो, पण नाही. तिथे रुग्णाने काही ठरवलेले नसते. ती नळाची वाट बघत अडकून बसते, आणि चौथ्या दिवशी नळ आला की सगळे उट्टे काढते.

सोलापुरात यातले काय मिळते? १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, ज्याला गाव सिव्हिल म्हणते, तिथे मानसोपचार विभाग आहे. खाजगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण सोलापूरलाच येतात. औषधापुरते शहर अडत नाही. अडते ते ईआरपी रीतसर शिकलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपाशी. अशी माणसे देशातच थोडी, आणि राज्यात जी आहेत ती बहुतेक पुण्या-मुंबईत. आठवड्याला एक बैठक म्हटली तरी पुण्याचे येणे-जाणे पाचशे किलोमीटरचे, विडी कामगार बाईच्या हिशेबात ते बसत नाही. व्हिडिओ कॉलवरची ईआरपी बहुतेकांना उपयोगी पडते असे अभ्यास सांगतात, आणि भीती घरच्याच कडीची असेल तर घरातूनच बैठक घेणे उलट सोयीचे. पण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीशी तिच्या भाषेत बोलणारा कोणी हवा. तो शोधायला पुण्यापेक्षा सोलापूरच बरे. सिव्हिलमधल्या परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षकांना ईआरपीचे पायाभूत प्रशिक्षण दिले तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांचे काम इथे होऊ शकेल, असे मला वाटते. त्याला इमारत लागत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. तिथे ईआरपी होत नाही, पण कुठे जायचे ते कळते.

दोन औषधे, नीट ईआरपी, सगळे करूनही न हलणारे थोडे रुग्ण उरतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या गटातले औषध जोडणे, चुंबकीय लहरींचा उपचार, आणि अगदी शेवटी मेंदूत इलेक्ट्रोड बसवणे किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. शस्त्रक्रियेसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी दोन्ही सक्तीच्या केल्या आहेत. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितले. तीव्र ओसीडीला अपंगत्वाचे प्रमाणपत्रही मिळू शकते. स्थळ जाईल या धास्तीने ते मागणारे थोडेच.

दीर्घ ओसीडीसोबत नैराश्य फार वेळा येते. मरणाची भाषा सुरू झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद लिहून न्यावा. एका साध्या दिवसाचा: उठल्यापासून झोपेपर्यंत धुण्यात, तपासण्यात, मनातल्या मनात काही म्हणण्यात किती वेळ गेला, काय टाळले, घरच्यांना काय काय करायला लावले, किती वेळा विचारले. डॉक्टर त्यावरून येल-ब्राऊन मोजपट्टीवर ० ते ४० मधला आकडा काढतील, आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढतील. बोलायला लाज वाटणारे विचार असतील तर तेही कागदावर लिहावेत आणि कागद नुसता पुढे करावा. असे विचार त्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात आधीही ऐकलेले असण्याची शक्यता बरीच आहे. बरोबर आलेल्यांनी पाण्याचा विषय शेवटी काढावा.